पऱ्याकाठची बाग: भिंत बांधावी की उतार ठेवावा?

गेल्या महिन्यात पलीकडच्या गावातले दोघे जण घरी आले होते. त्यांच्या वाडीत पऱ्याकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, बाग करायचं घाटतंय आणि बैठकीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, दोन्ही अंगांना आरसीसीची भिंत घाला, वर पेव्हर, बाकडी, मुलांना घसरगुंडी, विषय संपला. दुसरा म्हणतो, पऱ्या मोकळा ठेवा, काठ उतरते करा, झाडं लावा. 'तुमच्याकडे दोन्ही आहे, तुम्हीच काय ते सांगा,' असं म्हणून ते बसले. चहा पिता पिता मी जे सांगितलं त्याला ना शेंडा होता ना बुडखा, म्हणून आता नीट लिहून काढतोय.

आमच्याकडे दोन्ही आहे हे खरं, पण ते ठरवून झालेलं नाही. रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीकाठचं आमचं गाव. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी माळावरून, उतरणारा पऱ्या वस्तीतून साधारण दोनशे पावलं चालतो आणि चिपीच्या खारफुटी झाडांत शिरून खाडीला मिळतो. वरच्या शंभर पावलांना २०१८ साली भिंत झाली. खालच्या शंभरांना पैसे पुरले नाहीत. २०२१च्या जुलैत, चिपळूण बुडालं त्याच आठवड्यात, भिंत जिथे संपते तिथला काठ खचला आणि एका घराची न्हाणी अधांतरी लटकली. मग उरलेल्या तुकड्याचं काय करायचं यावर थंडीभर वाद झाला. मी समितीत होतो. शेवटी २०२२च्या उन्हाळ्यात खालचा भाग उताराचा केला. त्यामुळे एकाच पाण्यावर, एकाच पावसात दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी बघायला मिळाल्या. मी इंजिनिअर नव्हे. जन्मभर बँकेत कारकुनी केली. तेव्हा यात मोजलेलं थोडं आणि पाहिलेलं जास्त आहे, हे धरून वाचा.

भिंतीची बाजू आधी मांडतो, कारण तिला उगाच नावं ठेवणं बरं नाही.

भिंतीला जागा कमी लागते, आणि कोकणातल्या जुन्या वस्तीत जागा हाच खरा प्रश्न असतो. पऱ्या दोन मीटर खोल असेल आणि काठ टिकावा म्हणून उभ्या एका मीटरला आडवे दोन मीटर असा उतार धरलात, तर एका बाजूला चार मीटर गेले. दोन्ही बाजूंचे आठ, तळाचे दोन-तीन, म्हणजे दहा-अकरा मीटर नुसते पऱ्याला. भिंतीत तेच काम चार मीटरमध्ये होतं. ज्या ठिकाणी एकीकडे कोणाचं मांगर आणि दुसरीकडे रस्ता असा पऱ्या चिमटलेला आहे, तिथे उताराच्या गप्पा मारून उपयोग नाही.

पाणी वाहून नेण्यातही भिंत पुढे आहे. पाण्याला होणाऱ्या अडथळ्यासाठी इंजिनिअर लोक एक आकडा धरतात. काँक्रीटला तो ०.०१५च्या आसपास, गवता-झुडपांच्या ओढ्याला ०.०३५ ते ०.०५, कधी त्याहूनही जास्त. सोप्या भाषेत, त्याच मापाच्या चरातून झाडोऱ्याच्या पऱ्यात पाणी निम्म्याहून कमी वेगाने जातं. ज्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, तिथे ही गोष्ट क्षुल्लक नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, मिठी नदी वस्तीत शिरली, आणि त्यानंतर तिला भिंती घालण्याचंच काम निघालं. त्यामागची भीती कळते.

पण हाच वेग भिंत संपली की पुढच्याच्या अंगावर येतो. आमच्या त्या न्हाणीच्या पायाखालची माती तशीच गेली, असं माझं मत आहे. त्या आठवड्यात न पडणारंही पुष्कळ पडलं, हेही कबूल. पण काठ नेमका भिंतीच्या टोकालाच आणि बाहेरच्या वळणाला खचला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

वादाच्या दिवसांत एकाने फोनवर दक्षिण कोरियातल्या सोल शहराचा चंग्येचन दाखवला. वरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ साली खुला केलेला जवळपास सहा किलोमीटरचा ओढा, दोन्ही बाजूंना दगडी कठडे, संध्याकाळी पाय सोडून बसलेली माणसं. बघताना कोणीही भुलावं असाच. पण तो ओढा एरवी जवळजवळ कोरडा, म्हणून तिथे नदीतून पंपाने पाणी आणून सोडतात. आमचा पऱ्या फेब्रुवारीत आटतो आणि पाणीयोजनेच्या पंपाचं वीजबिल भरतानाच ग्रामपंचायतीच्या नाकी नऊ येतात. दुसऱ्याने सिंगापूरचं बिशान दाखवलं. तिथे पावणेतीन किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडून तीन किलोमीटरांहून लांब, वळणं घेणारी नदी केली. बाग २०१२ साली खुली झाली. मला त्यातल्या दोन गोष्टी आवडल्या. मुळं, काटक्या, दगड यांनी काठ धरायच्या वेगवेगळ्या पद्धती त्यांनी आधी बाजूच्या एका छोट्या नाल्यावर लावून पाहिल्या, मग नदीला हात घातला. आणि पाणी चढायला लागलं की भोंगा वाजून लोकांना बाहेर काढायची सोय केली. अशी हिरवी नदी पावसात फुगणार हे त्यांनी लपवलेलं नाही. आमच्याकडे भोंग्याचं काम साकवाजवळच्या, म्हणजे पऱ्यावरच्या छोट्या पुलाजवळच्या, घरातल्या आजी करतात, आणि त्यांचा आवाज पुरतो.

हे सगळं वाचून, बघूनही माझं मन दोन्हीकडे सारखंच होतं. ते ज्याने कललं ती गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते, कारण ती फारच किरकोळ आहे. ती म्हणजे शिडी.

वरच्या भागातली भिंत आठ फुटी. खाली उतरायला काही नाही, कारण खाली कोणी उतरेल हे आराखड्यात धरलंच नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात वरून माडाची एक झावळी वाहत आली आणि साकवाच्या खांबाला आडवी बसली. तिच्यात दुधाच्या पिशव्या अडकल्या, वेफर्सची पाकिटं, कोणाची तरी एक चप्पल, निर्माल्याची गाठोडी. चार दिवसांत पाण्याची पातळी वीतभर चढली. पूर्वी असं झालं की कोणीही जाता जाता धोतर खोचून, नाहीतर पँट गुडघ्यावर घेऊन उतरायचा आणि झावळी ओढून बाजूला टाकायचा. पाच मिनिटांचं काम. आता त्याला शिडी हवी.

शिडी मंडपवाल्याकडे. बांबूची, बारा फुटी, आणायला दोन माणसं. लग्नसराईत ती गावात नसतेच. ती आणून खाली सोडली की तळाच्या शेवाळलेल्या काँक्रीटवर तिचे पाय सरकतात, म्हणून खाली धरायला एक माणूस लागतो. आता खाली जायला शिडीच हवी असेल, तर तो धरणारा खाली कसा जाणार? पहिला उतरतो त्याची शिडी कोण धरणार, हा प्रश्न आमच्या समितीत आजतागायत सुटलेला नाही. वरचं टोक रेलिंगला दोरीने बांधतो आणि देवाचं नाव घेतो. पहिला उतरणारा बहुतेक वेळा मी असतो, कारण शिडी आणा म्हणून मीच ओरडत असतो.

क्रिकेटचा चेंडू गेला, शिडी. कोणाचा मोबाइल पडला, शिडी. एकदा रात्री वासरू पडलं. ते रात्रभर हंबरत होतं आणि सकाळी त्याला पोत्यांच्या झोळीत घालून सहा जणांनी वर ओढलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सुप्रभात'च्या खालोखाल जास्त वेळा आलेला मजकूर 'शिडी कोणाकडे आहे?' हा असावा.

तुम्ही म्हणाल, मग भिंतीत पायऱ्या ठेवायच्या होत्या, त्यात काय एवढं? बरोबर आहे. भिंतच करणार असाल तर दर तीस-चाळीस पावलांना पायऱ्या सोडा, एवढं या लेखातून घेतलंत तरी माझं काम झालं. पण आमच्याकडे मी पाहिलं ते असं, की खाली जायची वाट बंद झाली तेव्हा खाली बघायचीही सवय गेली. माणसं रेलिंगपाशी येतात, पिशवी सोडतात आणि मागे वळतात. पिशवी पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही, इतका तो खड्डा खोल. दोन-तीन वर्षांत वरच्या भागाला लोक पऱ्या म्हणायचे थांबले. 'गटारावरच्या बागेत' असं म्हणू लागले. बाग तशी वाईट नाही, बाकडीसुद्धा अजून धड आहेत. पण सगळ्या बाकड्यांची तोंडं रस्त्याकडे.

खालच्या भागात आम्ही जांभ्याच्या चिऱ्यांची अकरा पायऱ्यांची पाखाडी पाण्यापर्यंत नेली. कचरा तिथेही येतो, पऱ्या एकच आहे. पण आमच्या शेजारच्या वहिनी सकाळी फुलं काढायला जातात तेव्हा हातातल्या काठीने एखादी पिशवी ओढून काठावर टाकतात, आणि संध्याकाळी पोरं ती उचलतात. ठरवून दिलेलं काम नाही हे. वाटेत येतं म्हणून होतं. २०२२पासून खालच्या भागासाठी शिडी एकदाही आणावी लागलेली नाही. माझ्याकडचं सगळ्यात पक्कं मोजमाप म्हणाल तर हेच.

गौरीचंही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे गौर पाणवठ्यावरून आणतात, तेरड्याची. भिंत झाली त्या वर्षी बायका नेहमीप्रमाणे वाजतगाजत पऱ्यावर गेल्या आणि रेलिंगपाशी थांबल्या. पाणी आठ फूट खाली. शेवटी एकीने दोरीला कळशी बांधून सोडली आणि पाणी वर ओढलं. आमच्या आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या, 'गौर आणली की विहिरीतली बादली काढली, तेच कळलं नाही.' पुढची तीन वर्षं बहुतेक घरांनी अंगणातल्या नळावर भागवलं. उतार झाल्यावर पुन्हा पाखाडीवरून जातात. तेरडाही आता काठावरच उगवतो, आम्ही न लावता.

आता उताराची गाऱ्हाणी, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकतर्फी बोलतो.

पहिला पावसाळा वाईट गेला. आम्ही काथ्याची जाळी अंथरून बांबूच्या खुंट्यांनी ठोकली आणि तिच्यातून वाळ्याचे ठोंब लावले. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, रुजली की दोन-तीन मीटर खोल, आणि काठ शिवल्यासारखा धरतात. पण रुजली तर. आम्ही लावले मे संपता संपता, टँकरचं पाणी घालून. जुलैतल्या एका रात्रीत पंधरा पावलांचा काठ जाळीसकट वाहून गेला. सकाळी पुलावर जमलेल्यांपैकी एकाने 'पैसे पाण्यात गेले' असा विनोद केला, आणि तो पुढे गणपतीपर्यंत सगळ्यांनी केला. चूक आमचीच होती. गेला तो तुकडा बाहेरच्या वळणाचा. पाणी तिथेच येऊन आपटतं, आणि तिथे नुसत्या गवताने भागत नाही. सप्टेंबरात आम्ही त्या वळणाच्या पायथ्याला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत मोठे काळे दगड बसवले, दगडांच्या सांदीत शेरणी लावली आणि वर वाळा. शेरणी आमच्या नद्यांच्या खडकांत मूळचीच आहे. पुरात लोळते, पाणी ओसरलं की उठते. तेव्हापासून तो काठ हललेला नाही. दृष्ट न लागो.

लावणीचा मुहूर्त मिरगाचा पहिला सपाटा पडून गेल्यावर धरा, त्याआधी नको. रोपं मात्र आधी तयार हवीत, आयत्या वेळी कुठे मिळत नाहीत.

झाडांत आम्ही काठाला करंज, वाळुंज, उंबर आणि वरच्या अंगाला जांभूळ लावली. करंज सगळ्यात समजूतदार निघाला. खाली सावली, मुळांना घट्ट, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. माड काठाला लावू नका असं मी म्हणेन. आमचा एक माड मातीच्या गड्ड्यासकट पऱ्यात आडवा झाला. गुलमोहर लावा म्हणून एक जण फार मागे लागले होते, त्यांना मी सावकाश समजावलं. अजून ते माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत.

उताराला हात लागतात, हे खरं गाऱ्हाणं. वर्षातून दोनदा कापणी: एकदा गणपतीनंतर, एकदा मिरगाच्या आधी. गवत पूर्ण छाटायचं नाही, वाटेच्या कडेचं फक्त कमरेखाली आणायचं. याला माणसं लागतात आणि सगळे दर वेळी येत नाहीत. भिंतीला काही करावं लागत नाही म्हणतात. तेही तितकंसं खरं नाही. भिंतीमागचं पाणी निघायला जी भोकं ठेवतात, ती आमच्या तांबड्या मातीने दोन पावसाळ्यांत बुजली. आता भिंतीमागे पाणी साठून एका जागी फुगवटा आलाय, आणि सळईने भोकं मोकळी करायची म्हटलं की पुन्हा शिडी.

साप. प्रत्येक बैठकीत हा विषय निघतो आणि निघायलाच हवा. उताराच्या गवतात दिवड दिसतो, तो बिनविषारी, बेडकांसाठी येतो. लोकांना धास्ती असते फुरशाची, आणि रत्नागिरीत ती रास्तच आहे. पण फुरसं मुख्यतः सड्यावर, कोरड्या सुट्या दगडांखाली असतं. आमच्या ओल्या काठावर चार वर्षांत मला ते दिसलेलं नाही. वरच्या बागेत मात्र शोभेसाठी जांभ्याचे सुटे तुकडे रचून ठेवलेत तिथे दोनदा निघालं. याचा अर्थ उतार निर्धोक असा मी काढत नाही. नाग, मण्यार वस्तीत कुठेही निघू शकतात. वाटेवर उजेड असावा आणि वाटेलगत गवत कमी असावं, एवढं पाळतो. दिवे मात्र रात्री दहानंतर बंद. पावसाच्या तोंडावर करंजात काजवे येतात, आणि ते बघायला लोक चालत येतात.

मासे. पहिल्या पावसात चढणीचे मासे खाडीच्या बाजूने वर येतात, हे तुम्हाला सांगायला नको. खालच्या भागात आम्ही तळाला काँक्रीट केलं नाही. दगडांच्या छोट्या छोट्या पायऱ्या रचल्या, मध्ये कोंडी राहतील अशा. मासे त्या चढून येतात आणि भिंतीच्या पायथ्याशी अडतात, कारण तिथे तळाचं काँक्रीट एकदम अडीच फूट उंच उचललंय. उड्या मारतात, आपटतात, पुन्हा मारतात. पोरं पंचा धरून उभी असतात. मला तो खेळ बघवत नाही, पण पंच्यातले मासे घरी आले की खातो, हेही लिहून टाकतो.

विहिरीबद्दल मी जपून बोलेन. वरच्या भागातल्या दोन घरांच्या विहिरी पूर्वी मेच्या मध्यापर्यंत पुरायच्या. तळ काँक्रीट झाल्यापासून एप्रिलअखेर खडखडाट. पाणी जिरायला जागा राहिली नाही म्हणून असं झालं, की त्याच काळात वर नवीन बोअरवेल पडल्या म्हणून, ते मी सांगू शकणार नाही. खालच्या विहिरी आहेत तशा आहेत.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे आणि तुमच्या बैठकीत त्याचं नावही निघालेलं दिसत नाही: आपला गडगा. बिनसिमेंटचा, चिरे किंवा काळे दगड रचून, मागे थोडा कललेला. पाणी सांध्यांतून आरपार जातं, त्यामुळे मागे दाब साठत नाही. सांध्यांत नेचे, गवत येतं. एखादा दगड निसटला तर गावातला कोणीही जाणकार बसवून देतो. जागा भिंतीपेक्षा थोडीच जास्त. उंची कमरेपर्यंत ठेवावी, फार तर छातीपर्यंत; त्यापुढे त्याचा भरवसा मी देणार नाही. पायथ्याला, जिथे सतत पाणी लागतं तिथे, काळाच दगड घाला. जांभा मऊ, झिजतो. गॅबियन, म्हणजे तारेच्या पिंजऱ्यात दगड, हाही पर्याय आहे आणि चढत्या पाण्यात चांगला टिकतो. पण खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात साधी जस्ताची तार गंजते. प्लॅस्टिकचं आवरण असलेली मागा, आणि पिंजऱ्यात कोवळा जांभा भरू देऊ नका. ठेकेदार भरतात, स्वस्त पडतो म्हणून.

पेव्हरचा विषय एका ओळीत: श्रावणात शेवाळ धरलं की माणसं पडतात. चिऱ्यावरही शेवाळ येतं, पण त्याचं तोंड खडबडीत असतं, पाय धरतो.

खर्चाचं विचारलं होतंत. आमच्या हिशेबवहीप्रमाणे एक मीटर भिंतीला जेवढे लागले तेवढ्यात उताराचे तीन मीटर झाले, वळणाची दुरुस्ती धरून. मात्र २०१८ आणि २०२२चे दर वेगळे, आणि आमच्या उताराला बरंचसं श्रमदान होतं. तेव्हा हा आकडा बैठकीत फेकू नका.

खाडीकडच्या टोकाबद्दल एकच सांगणं: तिथे काही करू नका. चिपी, कांदळ, मारांडी असेल त्याला हात लावू नका. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आणि भोवतालच्या पन्नास मीटरांत बांधकामालाही. शिवाय भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर किनारा नियमनाची वेगळी मर्यादा लागते. २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. खारं पाणी कुठवर येतं ते उन्हाळ्यात बघतात, पावसात नव्हे. आमच्या आराखड्यात तिथे लाकडी मचाण होतं, आम्हीच काढून टाकलं. तसंही उधाणाच्या भरतीला तिथे गुडघाभर पाणी असतं.

आणि एक काम बागेच्या आधीचं आहे. पऱ्यात कोणाकोणाच्या न्हाणीचं आणि संडासाच्या टाकीचं पाणी येतं ते मोजा. संडासाचं येत असेल तर आधी ते बंद, मग बाग. न्हाणीचं असेल तर आपल्या आज्यांनी केलं तेच करा: अळू, केळ, कर्दळ यांच्या वाफ्यात सोडा, मग उरलंसुरलं पऱ्यात. आम्ही सात घरांचं असं केलं. आठवं घर माझ्याच चुलतभावाचं, तिथे बोलणी चालू आहेत.

तर तुमच्या जागेबद्दल. तुम्ही दाखवलेल्या फोटोंवरून डाव्या अंगाला घरं पऱ्याला अगदी चिकटून आहेत. तिथे उतार बसणार नाही, हट्ट धरू नका. तिथे गडगा करा, आणि घराचा पाया अगदीच काठावर असेल त्या वीस-पंचवीस फुटांत भिंत घातलीत तरी मी नाक मुरडणार नाही. भिंतीचं टोक मात्र एकदम तोडू नका. शेवटची पाच-सहा पावलं मोठ्या दगडांनी हळूहळू काठात मिळवा, नाहीतर पुढच्याची न्हाणी जाईल. उजवीकडे ते पडीक आगर आहे. मालक मुंबईला असतात आणि बागेला जागा द्यायला तयार आहेत म्हणालात. अशी जागा आम्हाला मिळाली असती तर मी समितीत वर्षभर कमी भांडलो असतो. तिथे पूर्ण उतार घ्या, तळाला काँक्रीट नको, आणि पाण्यापर्यंत जाणाऱ्या दोन पाखाड्या आराखड्यात पहिल्या दिवशी काढा. नंतर काढू म्हणालात तर निघणार नाहीत. आधी दहा-पंधरा पावलं करून एक पावसाळा बघा, आणि तो तुकडा बाहेरच्या वळणाचा निवडा. तिथे टिकलं तर सगळीकडे टिकेल.

बैठकीत भिंतवाल्यांचं पारडं जड झालंच, तर निदान त्यांना आमच्याकडे एका रविवारी सकाळी साडेसातला घेऊन या. त्या वेळी वरच्या भागाची सफाई असते. शिडी धरायला माणसं कमीच पडतात.

वाळ्याचे ठोंब माझ्याकडे भरपूर आहेत. दोनेकशे काढून पोत्यात बांधून ठेवतो. मिरगाचा पाऊस लागला की फोन करा, रिक्षाटेंपो तेवढा तुमचा आणा.